एकाच सरकारचे कागद

"आबा, माझं घड्याळ कुठंय?"

"हळू बोल की. गावाला गेलंय."

"घड्याळ गावाला कसं जाईल?"

"अण्णा खराड्यांचा ट्रॅक्टर भणीच्या गावाला जातोय, तर तुझ्या घड्याळाला काय पाय न्हाईत?"

रविवारची सकाळ होती. आबा टोपल्यांच्या ढिगापाशी ओणवे झाले होते आणि एकात एक टोपल्या घालून ढीग पुन्हा रचत होते. आई उंबऱ्याशी बसून सूप विणत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "ढिगात लपवलंय त्येनी. वरनं चौथी टोपली."

"सांगितलंस का तिला! आता ही सांगंल गुरुजींना."

"गुरुजींनीच टांगलंय घड्याळ. त्यांना काय सांगायचं?"

मी तेव्हा सातवीत होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत 'माझ्या स्वप्नातला भारत' या विषयावर बोलून मी ते घड्याळ जिंकलं होतं. सोनेरी कडेचं, दर तासाला गाणं वाजवणारं. आमच्या आवटी गुरुजींनी स्वतः येऊन कुडाच्या भिंतीत खुंटी ठोकली होती आणि ते टांगलं होतं. दिवाळीला भिंतीला चुना लावला तेव्हा आबांनी घड्याळ काही काढलं नाही. पडलं तर, म्हणून. त्याच्या भोवतीनंच कुंचा फिरवला. त्यामुळे आता पांढऱ्या भिंतीवर भाकरीएवढा एक काळा गोल उघडा पडला होता, आणि घरात पाऊल टाकणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावरच जाणार होती.

त्या आठवड्यात सगळं गावच काही ना काही लपवत होतं. दारिद्र्यरेषेचा सर्वे चालू होता. शाळेतले गुरुजी घरोघर जाऊन एक छापील कागद भरत होते. घर कसलं, कपडे किती, जेवण किती वेळा, घरात वस्तू काय, मुलं काय करतात. प्रत्येक प्रश्नाला गुण. गुण जास्त पडले की गरिबी कमी. पंधराच्या वर गेलं की यादीतून नाव बाद आणि पिवळं कार्ड रद्द, असं सगळे म्हणत होते. वेशीजवळच्या अण्णा खराड्यांनी तर आमच्या बुरुडांच्या चारही घरांत येऊन कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते सगळ्यांकडून, आबांकडूनही, पाठ करून घेतलं होतं. त्यांचा टीव्ही त्या आठवड्यात कडब्याच्या गंजीत होता.

माझ्यासाठी मामला सरळ होता. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. जूनपासून एसटीनं तालुक्याच्या हायस्कुलात जायचं. आबांनी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, "पिवळं कार्ड राहिलं तर पोरगी हायस्कुलात. कार्ड गेलं, तर बाजारभावानं धान्य घिऊन वर एसटीचा पास मला झेपायचा न्हाई. मग हाय कोयता आन् हाय बांबू." आबा वाईट नव्हते. दम्यानं त्यांना दिवसातून चार टोपल्यांच्या वर होत नसत, आणि प्लॅस्टिकच्या टोपल्या बाजारात आल्यापासून त्या चारांनाही गिऱ्हाईक नव्हतं.

गुरुजी आले तेव्हा दहाला दोन-चार मिनिटं कमी असतील. पांढरा सदरा, खांद्याला शबनम, हातात पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले कागद. मी घोंगडी अंथरली.

"वैजयंता, पाणी दे गं."

मला पूर्ण नावानं हाक मारणारा तो एकच माणूस. घरी मी वैजी होते, गावात बुरडाची वैजी.

या गुरुजींनी शाळेत एक रीत पाडली होती. दोन हजार वीस साली आपला देश महासत्ता होणार, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि त्यांचा त्यावर देवावर असावा तसा विश्वास होता. रोज प्रार्थनेनंतर ते फळ्याच्या कोपऱ्यात दोन हजार वीस सालाला किती दिवस उरले तो आकडा लिहायचे. आकडा सांगायचं काम माझं. मग एका मुलानं उभं राहून 'दोन हजार वीस साली मी...' असं म्हणून पुढचं सांगायचं. कुणी पायलट, कुणी फौजदार. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले होते, "दोन हजार वीस साली मी याच शाळेत तुमच्या खुर्चीवर बसेन." मुलं फिदीफिदी हसली. गुरुजी हसले नाहीत. खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बस बघू, मापाची आहे का." मी बसले. पाय जमिनीला टेकत नव्हते. "वाढशील," म्हणाले.

तर ते गुरुजी आता आमच्या घोंगडीवर बसून घराकडे बघत होते. काळा गोल त्यांना दिसला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"जमीन?"

"कुठली वो जमीन!" आबा म्हणाले. "ह्यो उंबरा हाय तेवढाच."

"कपडे? माणशी किती जोड?"

"एक."

"आवं, दोन हायत की," आई सूप विणता विणता म्हणाली. "एक अंगावर, एक दोरीवर."

"अगं, दोरीवरचा फाटलाय."

"फाटला म्हणून काय त्येचं पोतेरं झालं व्हय? कापडच हाय."

गुरुजींनी लिहिलं. "जेवण? दिवसातून किती वेळा?"

"एकदा," आबा म्हणाले. अण्णांनी शिकवल्याबरहुकूम.

"पाव्हणा आला तर तीनदा," आई म्हणाली. "एऱ्हवी दोनदा. गुरुजी, च्या ठेवू का? दूध न्हाई, पर गवती चहा हाय."

"नको ताई. घरात वस्तू? रेडिओ, पंखा, कुकर, घड्याळ?"

"काय न्हाई," आबा म्हणाले.

आणि तेवढ्यात दहा वाजले. वरून चौथ्या टोपलीतून घड्याळ गायला लागलं. आबांना एवढ्या जोरात खोकला आला की मला वाटलं खरंच दमा उसळला. ते खोकत राहिले, घड्याळ गात राहिलं, सबंध कडवं संपलं तेव्हा दोघंही एकदम थांबले. आई मान खाली घालून हसत होती, तिचे खांदे हलत होते. गुरुजींनी रुमालानं चष्मा पुसला.

"बक्षिसाच्या वस्तूंना गुण नसतात," ते म्हणाले. असं कागदावर कुठंही नसणार, हे मला तेव्हाही कळलं.

मग त्यांनी पान उलटलं.

"मुलं," ते म्हणाले. "शाळेत जातात का?"

"न्हाई," आबा म्हणाले.

मी गुरुजींच्या समोर उभी होते, त्यांनीच आदल्या दिवशी तपासलेली वही हातात घेऊन.

"आबा, अहो..." गुरुजी म्हणाले.

"न्हाई जात. कामाला जाती. टोपल्या करती." आबा अण्णांनी शिकवलेलं म्हणत होते आणि त्यांच्या लक्षातच येत नव्हतं की ते कुणाला सांगताहेत. आलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. पण शब्द मागं घेता येईना. ते खाली बघून पुटपुटले, "लिवा की गुरुजी. तुमच्या हातात हाय."

आईचे हात थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच.

"ह्येंचं ऐकू नगा," ती म्हणाली. "पोरगी शाळेत जाती. तुमच्याच."

"अगं येडे, कार्ड जाईल!"

"जाऊ दे."

"मग तिची शाळा पण जाईल की!"

"ती कशी जाईल? शाळेत जाती म्हणून लिवल्यावर शाळा कशी जाईल?"

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. वर्गात अवघड गणित समजावताना बोलायचे तसे हळू बोलले. "ताई, ऐका. मूल शाळेत जात असेल तर या रकान्यात चार गुण पडतात. जात नसेल, तर शून्य. तुमचे आत्ता चौदा झालेत. चार मिळवले की अठरा. तुम्ही रेषेच्या वर जाता."

"म्हंजी, पोरगी शिकती म्हणून आमी गरीब न्हाई?"

"कागदाप्रमाणं, हो."

आई हसली. गुरुजींना समजावून सांगावं तशी म्हणाली, "असं कसं असंल? तुमी नीट वाचलं नसंल. सरकारच म्हणतंय न्हवं, पोरगी शिकवा म्हणून? त्या शाळंच्या भित्तीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिवलंय. वैजीनं मला वाचून दाखवलंय."

गुरुजींनी पुठ्ठ्याचा चिमटा नीट केला. भिंतीवरची ती अक्षरं त्यांनीच रंगवली होती.

"आन् समजा तुमी लिवलं, जात न्हाई म्हणून. उद्या हायस्कुलात नाव घालाया गेलो आन् त्येनी ह्यो कागद काढला, तर? म्हणतील, ही तर शाळंतच न्हवती. पोरगी खोटी पडंल माझी."

"ताई, हे कागद एकमेकांना भेटत नाहीत."

"भेटत न्हाईत?" आईला ते खरंच पटेना. "एकाच सरकारचं हायत न्हवं?"

बाहेर कोंबडी कलकलली. आबा टोपल्यांकडे बघत बसले होते. मी काही म्हणावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती, आणि मला काय वाटत होतं ते आज सांगायला लाज वाटते. मला वाटत होतं, आईनं गप्प बसावं. एका शब्दानं हायस्कूल मिळतंय, तर मिळू दे. मी शाळेत जात नाही, असं गुरुजींनी लिहावं, म्हणजे मला शाळेत जाता येईल.

"कापडं दोनाची चार लिवा," आई म्हणाली, "घड्याळ लिवा, च्याची कपबशी लिवा. पर पोरीचं खरं लिवा. आन् वाचून दावा मला."

गुरुजींनी पेन उचललं. पुठ्ठा गुडघ्यावर घेतला आणि डाव्या हाताचा आडोसा धरून लिहिलं. परीक्षेत शेजाऱ्यानं बघू नये म्हणून आम्ही धरायचो तसा. मला वाटलं, उन्हाची तिरीप येतेय म्हणून.

"वाचा," आई म्हणाली.

गुरुजींनी वाचलं. "मुलगी, वैजयंता. शाळेत जाते. इयत्ता सातवी." थोडं थांबले. "हुशार."

एवढं सगळं वाचलं, पण पेन मात्र जरासंच हललं होतं. पाण्याचा तांब्या उचलताना मी ते पाहिलं आणि विसरून गेले.

"हुशार लिवलंत?" आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "त्येला किती गुण?"

"त्याला रकाना नाही, ताई. मी आपला लिहिला."

मग सही. त्या वर्षी मी आईला चुलीपुढच्या जमिनीवर कोळशानं तिचं नाव गिरवायला शिकवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, आजही येत नाही, पण 'केराबाई' तेवढं लिहिता येतं. गुरुजींनी अंगठ्यासाठी शाईची डबी काढली, तर ती म्हणाली, "ती ठेवा आत." आणि बांबूच्या कामट्यांनी चिरलेल्या बोटांत पेन धरून, एकेक अक्षर टोपलीचा काठ आवळावा तसं आवळत तिनं सही केली. गुरुजी त्या सहीकडे बराच वेळ बघत बसले. उठताना मला म्हणाले, "घड्याळ लाव परत. भिंत वाईट दिसते." आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. मी रोजच्यासारखी उभी राहिले. "सहा हजार एकशे सत्तावीस, गुरुजी."

"राहू दे आज, वैजयंता."

फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारचा आकडा तसाच होता. मंगळवारीही त्यांनी लिहिला नाही. बुधवारी मी आपण होऊन खडू पुढे केला, तर तो त्यांनी माझ्या हातून घेतला आणि खिशात टाकला. पुढे कुणाच्या तरी ओढणीनं तो आकडा पुसला गेला. 'दोन हजार वीस साली मी' सुद्धा बंद पडलं. मला वाटलं, घड्याळ लपवलं म्हणून गुरुजी माझ्यावर रागावले. जूनमध्ये त्यांची बदली झाली तेव्हाही मला तेच वाटत होतं, आणि भीतीनं मी त्यांच्या पाया पडायला गेले नाही.

यादी लागली, त्यात आमचं नाव होतं. अण्णा खराड्यांचंही होतं.

"बघा," आबा म्हणाले. "घड्याळ लपवलं म्हणून."

"गाणं ऐकलं की गुरुजींनी!" आई म्हणाली. "खरं लिवलं, तरी मिळालं. सरकारला डोळं हायत."

हे भांडण आमच्या घरात वीस वर्षं चाललं. सणाला, पाहुण्यांत, माझ्या लग्नात व्याह्यांसमोरसुद्धा. दोघांपैकी कुणीच हरलं नाही. पण आईचा त्या दिवसापासून एक पक्का हिशेब झाला होता, की खरं सांगितलं तर हा देश आपलं ऐकतो. त्या जोरावर तिनं मला हायस्कुलात घातलं, त्या जोरावर बारावी, त्या जोरावर डी.एड. डी.एड. झालं आणि शिक्षकभरती बंद झाली. "उघडंल की," ती म्हणायची. एका खाजगी शाळेत चार हजारांवर मी पाच वर्षं शिकवलं. दोन हजार वीस उजाडलं तेव्हा मला दिवस गेले होते. मार्चात शाळेला टाळं लागलं, मेमध्ये नवऱ्याच्या कंपनीनं माणसं कमी केली. त्या वर्षी मी कुणाच्याच खुर्चीवर बसले नाही. आई पिवळ्या कार्डावरचे तांदूळ टोपलीत घालून सात मैल चालत माझ्या घरी आली, तोंडाला पदर बांधून. टोपली खाली ठेवून म्हणाली, "सरकारनं दिल्यात. खा."

आमची लेक त्याच वर्षीची.

गेल्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीनं जुनी कागदपत्रं लावून संगणकात भरायचं काम काढलं. महिन्याभराचं, रोजावर. मी माहेरी येऊन राहिले. आमच्या शाळेत सातच मुलं उरली होती, म्हणून ती शेजारच्या गावच्या शाळेला जोडली आणि तिच्या खोल्यांत पंचायतीची दप्तरं रचली. ज्या खोलीत मी सातवी शिकले, तिथंच मी कागद लावत बसायची. गुरुजींची खुर्ची होती. पाय आता जमिनीला टेकत होते. लेक मांडीवर झोपली की एका हातानं गठ्ठे सोडायची.

चौथ्या दिवशी तो गठ्ठा निघाला. अण्णा खराड्यांचा कागद आधी सापडला, एकूण गुण नऊ. मला हसू आलं. मग आमचा.

ज्या अक्षरांवरून मी माझी अक्षरं गिरवली, तीच अक्षरं. जमीन, नाही. कपडे, माणशी दोन. वस्तू, नाही. मुलांची स्थिती: शाळेत नाही. गुण, शून्य. एकूण, चौदा. खाली आईची आवळून काढलेली सही आणि तिच्या शेजारी आवटी गुरुजींची.

'हुशार' कुठंही नव्हतं.

गुरुजी तीन वर्षांपूर्वी गेले, हे मला कुणाकडून तरी कळलं होतं. लेकीला जाग आली तरी तो कागद माझ्या हातातच होता.

दुपारी आई डबा घेऊन आली. नातीला उचलून कडेवर घेतलं, टेबलावरच्या ढिगाकडे बघितलं. वाचता येत नसलं तरी एक गोष्ट तिला लांबूनही ओळखू येते.

"ही माझी सही की गं! त्यो सर्वेचा कागद का काय?"

"हो."

"सापडला व्हय? तुझे आबा असायला पायजे होते. वाच बघू, म्हंजी कळंल घड्याळामुळं का खऱ्यामुळं." आबांना जाऊन वर्ष झालं होतं. तरी भांडण चालूच होतं.

मी कागद जवळ ओढला. डाव्या हाताचा आडोसा कधी धरला गेला, माझं मलाच कळलं नाही.

"वाच की."

"मुलगी, वैजयंता," मी वाचलं. "शाळेत जाते. इयत्ता सातवी."

"आन् म्होरं?"

"हुशार."

"बघ," आई म्हणाली. माझा हात बाजूला सारून तिनं नातीचं इवलंसं बोट धरलं आणि सहीच्या वर, बरोबर 'शाळेत नाही' या ओळीवर, सावकाश फिरवलं. "बघ गं बाळे, काय लिवलंय तुझ्या आईचं."